परकराच्या नाडीखालची खपली

मोठ्या दवाखान्यात सिस्टरनं कैची लावून तुमच्या परकराची नाडी कापली, आई, अन् मले तव्हाच समजलं का आता सप्पं उघडं पडते. तुमाले दम घेता येत नव्हता. तोंडावर मास्क, ओठ निळे, छाती भात्यावानी वरखाली. एक डॉक्टर हाताची शीर धुंडून राह्यला, दुसरा मले इचारून राह्यला कव्हापासून ताप हाय, कव्हापासून ताप हाय, अन् मले आकडाच आठवेना, आठ म्हनू का नऊ म्हनू. माह्यी पोरगी परी माह्या कंबरेले चिपकून रडत होती. तेवढ्यात सिस्टरनं परकर खाली सरकवला अन् ती थांबली. मंग जोरात बोल्ली, "मॅडम, इकडे या, हे पाहा." सगळे वाकले. उजव्या कंबरेवर, बरोब्बर नाडीच्या रेषेत, बिडीचा चटका देल्ल्यावानी काळी खपली. भवती लाल कडं.

मोठ्या डॉक्टरीनबाईनं इचारलं, घरात हे कोनी पाह्यलं नाई का. तुमच्या पोरानं, माह्या नवऱ्यानं, म्हन्लं, नाई मॅडम, आमाले काईच माहीत नाई. माह्या सासऱ्यानं, मामाजीनंबी मान हलवली. मी भिंतीकडे पाहत राह्यली.

मी पाह्यलतं, आई. सहा दिवस अगोदर पाह्यलतं. त्याच्यावर हळद-तेल मीच लावलतं.

मंग मले बाहेर बाकावर बसवून एका लहान डॉक्टरनीनं समजावून सांगतलं. गवतात एक बारीक किडा राह्यते, डोळ्याले दिसत नाई एवढा. मानूस गवत कापाले बसलं का तो आंगावर चढते, अन् चालत चालत जिथं कपडा घट्ट बसते तिथं थांबते. काखेत, कंबरेले, चड्डीच्या इलॅस्टिकखाली. तिथं चावते. दुखत नाई, खाजत नाई, म्हून कोनी पाहत नाई. चावल्या जागी काळी खपली धरते अन् आठ-दहा दिवसानं ताप येते. स्क्रब टायफस म्हन्ते त्याले. मी तिले इचारलं, याच्यावर औषध हाय का? ती म्हने हाय ना, साधी गोळी हाय, सरकारी दवाखान्यातबी भेटते, वेळेवर देल्ली तर बहुतेकाइचा ताप दोन-तीन दिवसांत उतरते. तिनं माह्याकडे पाह्यलं, मंग हातातल्या कागदाकडे पाह्यलं, मंग उठून गेली.

औषध त्यांनी त्याच घडीले सुरू केलं. पन तवरिक फुप्फुसं भरली होती, किडनी काम करत नव्हती, शुगर मशीनच्याबी वर गेलती. दोन दिवस तुमी मशीनवर दम घेतला. तिसऱ्या दिवशी सकाळी, परीच्या अंगनवाडीच्या टायमाले, तुमी गेल्या.

लोकं म्हन्ते मेलेल्या मानसावर राग धरू नाई. मंग कोनावर धरू? मले रडू येते तव्हा राग येते, अन् राग येते तव्हा अजून रडू येते, अन् घरात बोलाची सोय नाई. म्हून तुमच्याच संगं भांडतो आता. जित्या होत्या तव्हाबी भांडतच होतो आपन. एक दिवस खाली गेला नसन.

तुमाले दुकानात बसनं कव्हाच आवडलं नाई. आपलं बांगड्या-रिबीनीचं दुकान, सावली हाय, पंखा हाय, बसून नाडीचे गुंडे अन् टिकल्याची पाकिटं इकाची. पन तुमी चार वाजले का इळा घेऊन शेताच्या बांधावर, धुऱ्यावर. चांदीले गवत पाह्यजे. एका बकरीपायी अख्खा धुरा साफ करनारी बाई मी दुसरी नाई पाह्यली. सप्टेंबरातलं गवत, कंबरेएवढं, आत काय बसलं असन देवाले माहीत. मी म्हन्लं आई, गवत इकत भेटते. तुमी म्हन्ल्या, बकरी मायी हाय, इकतचं गवत तुह्या माहेरच्या बकऱ्या खातात. पेंडी कंबरेवर टेकवून तुमी घरी येत, अन् लुगडं वर खोचलेलं, परकराची नाडी एवढी आवळलेली का माह्यानं तर दम निघाला नसता. तुमाले ढिली नाडी चालत नव्हती. ढिल्या नाडीची बाई ढिली, असं म्हनत तुमी.

अन् त्याच्यानंच सप्पा घात केला. ताप आल्याच्या तिसऱ्या दिवशी तुमाले उभं राहवेना, म्हून मोरीत पाटावर बसवून मी तुमचं आंग धुवून देल्लं. पाठ धुतली, अन् परकर जरासा खाली केला तं ते दिसलं. मी म्हन्लं, आई, हे काय झालं? तुमी मांगं हात नेऊन चाचपलं अन् म्हन्ल्या, नाडी काचली. मी म्हन्लं काळं पडलं हाय. तुमी म्हन्ल्या, तुह्यी नाई पडत काय काळी?

पडते. मी माह्यी पाह्यली. मलेबी हाय डाग, सगळ्याच बायाइले हाय. कोनाले काळी रेष, कोनाले खाजवून खाजवून जाड झालेली कातडी. माह्या मायले होता, आजीले होता. आपल्यात कोन बाई नाडी काचली म्हून दवाखान्यात गेली? हळद-तेल लावाचं, दुसऱ्या दिवशी गाठ दुसऱ्या अंगाले बांधाची, झालं. मी दाबून पाह्यलं, दुखते का इचारलं, तुमी म्हन्ल्या नाई. दुखत नाई म्हन्ल्यावर मले बरं वाटलं. सांगा आता. दुखत नाई म्हन्ल्यावर मले बरं वाटलं!

तवरिक गावातल्या डॉक्टरच्या दोन सलाइनी झाल्या होत्या. सलाइन चढली का आपल्याकडे मानसाले वाटते इलाज झाला. त्यानं तुमाले खाटेवर आडवं केलं, शीर धुंडली, बाटली टांगली अन् म्हने टायफाइड हाय. जीभबी नाई पाह्यली. तुमी मस्त पडल्या होत्या, येनाऱ्या-जानाऱ्याले सांगून राह्यल्या होत्या का मले थंडी वाजते, लाल इंजेक्शन टाका म्हना त्याच्यात. त्यानं टाकलं लाल इंजेक्शन. पेशंट सांगते अन् डॉक्टर टाकते, असा त्याचा धंदा. चौथ्या दिवशी मी त्याले म्हन्लं ताप उतरत काऊन नाई, तं तो म्हने शुगर असल्यावर टाइम लागते. शुगरची गोळी रोज घेतात ना? अन् तुमी मान हलवली. रोज.

आई, रोज! डॉक्टरनं सकाळ-संध्याकाळ एक गोळी सांगतलती. तुमी ज्या दिवशी गोड खाल्लं त्या दिवशी घेत. पोळा झाला, गोळी. कोनाचं साक्षगंध झालं, गोळी. मधातल्या दिवसाइले गोळी डब्यात. वर म्हनत, मी आज कुठं साखर खाल्ली, कायले गोळी वाया घालू. मी म्हन्लं होतं का शुगर काई पाहुनी नाई गोड केलं तरच घरी याले, ती बसूनच हाय आंगात. तुमी म्हन्ल्या, नववी नापास हाय तू, डॉक्टरनी नोको होऊ. मी म्हन्लं नापास नाई, माह्यी शाळा सोडवली. तुमी म्हन्ल्या, एकच झालं. ते भांडन तसंच राह्यलं, अन् मले त्याचं उत्तर आता सुचते. एकच नाई झालं, आई. सोडवलेल्या पोरीले आठवीपर्यंतचं येते.

सहाव्या दिवशी मीच हट्ट केला म्हून तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गेलो. तुमचं डोकं फुटून राह्यलं होतं, डोळे लाल, अन् उठलं का चक्कर. शेजारच्या भाऊची गाडी होती. तिथं जो डॉक्टर होता तो लहानच होता, तुमच्या पोराहूनबी लहान, बोली मराठवाड्याकडची. पन त्यानं तुमाले हात लावून पाह्यलं. मान पाह्यली, कानामांगं पाह्यलं, बाह्या वर करून कोपरं पाह्यली. गवतात जाता का इचारलं. तुमी म्हन्ल्या रोज जातो. तो म्हने अंगावर कुठं काळा डाग, खपली, चटका बसल्यासारखं काही? तुमी म्हन्ल्या, नाई बाप्पा.

तो म्हने काख, छातीखाली, कंबर, मांड्या, सगळं पाहावं लागेल. सिस्टर जेवायला गेल्या आहेत, येतीलच. नाईतर ताई, तुम्हीच पडद्यामागे नेऊन पाहा आणि मला सांगा. त्याले वाटलं असन बाईले बाईनं पाह्यलेलं बरं. आपल्या मांगं लाइन होती मोठी.

पडदा गुडघ्यावर संपत होता. खालून मामाजीच्या चपला दिसत होत्या, तुमच्या पोराचे सँडल दिसत होते, त्या शेजारच्या भाऊचे पाय दिसत होते. मी तुमच्या नाडीले हात लावला, अन् तुमी माह्यं मनगट धरलं. तापानं हात भाजत होता तुमचा, पन जोर तोच होता. तुमी हळूच म्हन्ल्या, "काई नाई म्हन."

मी म्हन्लं आई, ते काळं हाय ना.

"ते नाडी काचली. ते सांगतलं का तो पोट्टा आत येईन पाहाले. या वयात मायी कंबर उघडी करतं काय चार मानसाइसमोर? काई नाई म्हन."

भाईरून त्यानं इचारलं, "दिसलं का काही?"

मी म्हन्लं, "काई नाई."

त्यानं माह्यावर इश्वास ठेवला. रक्त घेतलं, डेंगूची तपासनी लिहून देल्ली, तापाच्या गोळ्या देल्ल्या, म्हने दोन दिवसांनी रिपोर्ट घेऊन या, दम लागला तर लगेच या. तुमी गाडीत बसल्यावर माह्या खांद्यावर डोकं ठेवलं. म्हन्ल्या, हुशार हाय माह्यी सून. पाच वर्सांत पहिल्यांदा म्हन्ल्या तुमी मले हुशार. अन् मले बरं वाटलं, आई. त्याचाच मले सगळ्यात जास्त राग येते, का मले बरं वाटलं.

मी रोज तो पडदा उघडतो अन् लावतो डोक्शात. कव्हा मी म्हन्तो, डॉक्टर, हाय हो, या इकडे. कव्हा तुमी हात धरतच नाई. कव्हा सिस्टर जेवून लवकर येते. पन एकडावबी तुमी स्वतः म्हनत नाई का ये बाप्पा, पाह्य. सपनातबी नाई म्हनत. एवढी कशी हो लाज तुमाले?

कारन ती लाज तुमाले माह्याच वेळेस कुठं होती? परी झाली तव्हा माह्यं सिझर झालतं. घरी आल्यावर पाचव्या दिवशी टाक्यातून पानी येऊ लागलं. मी कोनाले सांगतलं नाई. वीस वर्साची पोरगी, नवीन घर, नवरा दुकानात, सासू अशी तोंडाची. मी फडकं लावत होती अन् फडकं लपवून धूत होती. तुमाले वास आला. तुमी दाराले कडी लावली, मले खाटेवर पाडलं अन् लुगडं वर केलं. मी रडाले लागली, म्हन्लं आई नोको, लाज वाटते. तुमी म्हन्ल्या, लाज गेली चुलीत, पू भरला हाय, मरतं काय? अन् तशाच, हात न धुता, मले आटोत टाकून घेऊन गेल्या. तिथल्या डॉक्टरसमोर तुमीच माह्या पोटावरचा कपडा काढला. तो मानूसच होता, आई. बाई नव्हती. तुमी त्याले म्हन्ल्या, नीट पाह्य, वरवर नोको पाहू.

दीड महिना टाके भरले नाई. रोज ड्रेसिंग. परीले दूध पाजाले तुमी माह्या कुशीत धरून ठेवत, कारन मले उचलता येत नव्हतं. तुमी नसत्या तं मी आज नसती, अन् हे मी तुमाले कव्हाच नाई सांगतलं, कारन दुसऱ्याच दिवशी तुमी भाजीत मीठ जास्त झालं म्हून माह्या मायचा उद्धार केला. आपलं असंच राह्यलं. पन माह्यं पोट तुमी उघडून पाह्यलं, अन् तुमचं मले पाहू नाई देल्लं. हा कोनता न्याय हाय? माह्या जिवाहून तुमची कंबर भारी होती काय?

तुमी गेल्यावर घरात बाया भरल्या. सुनंदाताई आली, तुमची पोरगी, दाराशीच पडली बिचारी. जो येईन तो इचारे काय झालं, अन् तुमचा पोरगा सांगे का शुगर वाढली, शुगरनं गेली. त्याच्याशी मी कायले वाद घालू? किडा चावला म्हन्लं का दहा प्रश्न. कुठं चावला? कोनी पाह्यलं नाई? शुगर म्हन्लं का सगळे मान हलवून चूप. सगळ्याच्या घरी कोनी ना कोनी शुगरवालं हाय. मीबी शुगरच म्हनू लागली.

सुनंदाताई मात्र दवाखान्यातला कागद वाचून बसलती. ती शिकेल हाय. नवव्या दिवशी भांडे घासता घासता तिनं मले इचारलं, तूच आईचं आंगधुनं करत होती ना, मंग तुले कसं दिसलं नाई? मी म्हन्लं, मोरीत उजेड नाई ना ताई. ती म्हने हं. अन् आमी दोघी घासत राह्यलो. मोरीत बल्ब हाय, आई. तुमीच लावाले लावला होता.

अन् मंग परीले ताप आला.

तेरवीच्या दोन दिवस अगोदर. सकाळी उठली तं आंग निखाऱ्यावानी, डोकं दुखते म्हने, उजेडात डोळे उघडेना. तिकडे आंगनात मंडपाचे बांबू पडले होते. मी तिले पोटाशी घेऊन इचारू लागली काय खाल्लं, कुठं गेलती, तं हळूच म्हने चांदीले गवत देल्लं. कोनी देल्लं? मी देल्लं. आजी नाई ना आता. तुमी गेल्याच्या दुसऱ्या दिवसापासून ती मोठ्या लेकराइसंगं धुऱ्यावर जाऊन ओंजळीत गवत आनत होती, चार वर्साची पोरगी, अन् घरात वीस मानसं असून कोनाचं लक्ष नाई. माह्यंबी नाई.

बाया म्हन्ल्या, आजीचा जीव होता पोरीवर, आजी बोलावून राह्यली. एक म्हने नारळ उतरवा. एक म्हने तेरवी झाली का ताप आपोआप उतरीन. सुनंदाताईबी म्हने, दोन दिवस थांब, घरात कार्य हाय, गावातल्याले बोलावू, एक सलाइन लावीन. मले तुमचा एवढा राग आला तव्हा. मेल्यावरबी तुमचंच नाव सांगून माह्यी पोरगी घरात ठेवून राह्यले होते.

मी परीले आतल्या खोलीत नेलं, कडी लावली अन् फ्रॉक काढाले लागली. तं तिनं फ्रॉक मुठीत धरला. म्हने नाई, शेम शेम, आजी म्हन्ते पोरीनं दाखवाचं नाई. ताप एकशेतीन अन् पोरगी फ्रॉक सोडत नाई! तुमीच शिकवलं तिले, आई. पाय फाकून बसली का शेम, फ्रॉक वर गेला का शेम. मी तुमाले म्हन्लं होतं का एवढ्याशा लेकराले कायले शिकवता, तं तुमी म्हन्ल्या पोरीची जात हाय, आत्तापासूनच शिकली पाह्यजे. शिकली पाहा. मी तिच्या हातावर चापट मारली. तापातल्या लेकराले मारलं मी. फ्रॉक ओढून काढला, ती किंचाळली, भाईरून सुनंदाताई दार ठोकू लागली, अन् मी कानामांगं पाह्यलं, काखा पाह्यल्या, मांड्या पाह्यल्या, चड्डी खाली केली. पाठीमांगं, इलॅस्टिकच्या रेषेत, उडदाच्या दान्याएवढी काळी खपली.

मी दार उघडलं अन् सुनंदाताईले दाखवली. ती तुमच्या पोराले म्हने, गाडी काढ.

तोच डॉक्टर होता. मी लाइन-बिइन पाह्यली नाई, टेबलावर पोरगी ठेवली, पालथी केली, अन् म्हन्लं हे पाहा, गवतात गेलती. त्यानं बॅटरी लावून पाह्यलं. सिस्टरले सांगून लगेच औषध मांगवलं, रक्त घेतलं, म्हने बरं झालं वेळेवर आणली, घाबरू नका. मंग त्यानं माह्याकडे जरा वेळ पाह्यलं.

"तुम्ही आधी आला होतात ना? सासूबाईंना घेऊन? कशा आहेत त्या?"

तुमचा पोरगा खाली पाहू लागला. मी म्हन्लं, गेल्या. परवा तेरवी हाय. अन् मंग ते भाईर आलं, आई, मी थांबवलं नाई. मी म्हन्लं, "त्याइलेबी होती खपली. कंबरेले. तुमी पडद्यामांगं मले पाहाले लावलं तव्हा मले माहीत होतं, मी अगोदरच पाह्यलती. आई म्हन्ल्या काई नाई म्हन. अन् मी काई नाई म्हन्लं."

तुमच्या पोराच्या हातात परीचा फ्रॉक होता, तो तसाच धरून उभा राह्यला. डॉक्टर खुर्चीत बसला. म्हने, मी सिस्टरची वाट पाहायला पाहिजे होती. दहा मिनिटं लागली असती. नाहीतर शंका होतीच तर गोळी सुरू करायला पाहिजे होती. मी म्हन्लं, हो, पाह्यजे होती. मी त्याले सोडलं नाई. त्यानंबी स्वतःले सोडलं नाई, म्हून मी अजून काई बोल्ली नाई. मंग त्यानं मले सांगतलं का गावात कोनाले ताप आला तर हेच करा, आधी पूर्ण आंग पाहा. गवतात जाताना पूर्ण कपडे घाला, आल्यावर आंग धुवा अन् कपडे बदला. एवढंच. एवढंसं होतं ते, आई.

परीचा ताप तिसऱ्या दिवशी सकाळी उतरला. उठली अन् भात मांगतला. मी भात कालवता कालवता एवढी रडली का तिनं मलेच घास भरवला.

तेरवी झाली. वाढनं झालं, लोकं जेवून गेले. तुमच्या पोरानं सुनंदाताईले सप्पं सांगतलं होतं, जाताना ती मले पाया पडू देईना. म्हने, मेलेलं मानूस बोलत नाई म्हून तू आईवर ढकलते. माह्या आईनं तसं म्हन्लं असन तरी तू काऊन आयकलं? तिचं खरं हाय. दोन्ही गोष्टी एकाच वेळेस खऱ्या हायत, पन ते मी तिले कसं सांगू. तुमचा पोरगा माह्यासंगं कामापुरतं बोलते. जेवन वाढ, दुकानाची चाबी दे. मामाजीनं मात्र परवा दुकानात बसल्या बसल्या म्हन्लं, ती तसं म्हन्ली असन बाई. तिचा सभावच होता. मलेबी तिनं चाळीस वर्सांत कव्हा उजेडात पाहू देल्लं नाई. अन् मंग गिऱ्हाईक आलं, त्याइनं टिकल्याचं पाकीट काढून देल्लं.

मले तुमचा राग येते. सकाळी चहा मांडला का दोन कप जास्तीचं पानी टाकतो अन् राग येते. परीले झोपवाले तुमचं ते बेसूर गानं म्हनतो अन् राग येते. अजून मले तुमाले म्हनाचं होतं का मी हुशार-बिशार नाई, मी भेकड हाय, अन् तुमीबी भेकडच होत्या, साऱ्या गावाले भांडनारी बाई, अन् एका पडद्यामांगं घाबरल्या. हे तुमाले तोंडावर म्हन्लं असतं तं तुमी मले लाटनं फेकून मारलं असतं. मारा. या अन् मारा.

गावात दवाखान्याचं काम पाहते ती आशाताई म्हने हे लिही, बचत गटाच्या बैठकीत वाचू, तुह्या सासूचं झालं ते बाकीच्या बायाइचं नोको व्हाले. म्हून लिहिलं. पन मले माहीत हाय, वाचून झालं का तुमी गटातल्या बाया म्हनसान, मी तं बाई डॉक्टरले सरळ सांगतलं असतं. खाटेवर बसून ते म्हनाले काई लागत नाई. मले तसं उत्तर नोको. तुमच्या सासूले समोर उभी करा, जिनं तुमाले एकडाव मरनातून ओढून आनलं. तिच्या आंगात ताप हाय, भाईर तुमचा सासरा हाय, नवरा हाय. ती तुमाले म्हन्ते, काई नाई म्हन. अन् डॉक्टर वाट पाहून राह्यला.

खरं सांगजा. काय म्हन्लं असतं तुमी?